लहान बाथरूम, त्याहून लहान बजेट: मधली भिंत पाडू की ठेवू?

नीलांबरी

नमस्कार मंडळी,

कोथरूडला १९८४ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाथरूम चार बाय सहा फूट, त्याला लागून संडास तीन बाय चार, मध्ये साडेचार इंची भिंत. खाली शहाबादी फरशी, भिंतीला कमरेएवढ्या पांढऱ्या टाइल्स, त्यातल्या निम्म्यांना आता पांढऱ्या म्हणवत नाही. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप आतून गंजलेत, सकाळी पहिलं पाणी तांबडं येतं. इतकी वर्षं चालवून घेतलं, पण आता खालच्या काकूंच्या छताला ओल आली आहे. टाळणं शक्य नाही.

बजेट ऐंशी हजार. ओढूनताणून नव्वद. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. त्यांचं वय ७६, गुडघे गेलेले, त्यामुळे कमोड बसवायचाय हे ठरलेलं आहे.

वाद आहे तो भिंतीवर. नवरा म्हणतो ती पाडू आणि एकच ऐसपैस बाथरूम करू. सासूबाई म्हणतात, "मग पोरगं अंघोळीला गेलं की मी काय करायचं?" मी काठावर बसलेय. एका इंटिरियरवाल्याला बोलावलं होतं, त्याने २ लाख ३५ हजार सांगितले. चहा घेतला, गेला. पुन्हा फोन केला नाही आम्ही.

तर सांगा: भिंत पाडावी का? ऐंशीत होईल का? आणि पैसे कुठे वाचवायचे, कुठे अजिबात वाचवायचे नाहीत?

अर्धाचहा

पाच माणसं, एक बाथरूम, आणि त्यात दहावीचं पोरगं असेल तर भिंत पाडू नका, अजून एक बांधा.

मावशीबोले

सासूबाईंचं बरोबर आहे. संडास-बाथरूम वेगळं असणं ही जुन्या फ्लॅटची एकमेव चैन आहे, तीच मोडायला निघालात. सकाळी सहा ते आठ या वेळात नवऱ्याला घरात बसवून एकदा रांग मोजायला लावा. मत बदलेल.

हिंजवडीतअडकलेला

मी वेगळं मत देतो. तीन बाय चारच्या संडासात कमोड बसवला की समोर गुडघ्यापुढे दार येतं. आजींना वळून बसायला जागा नाही, धरून उठायला जागा नाही, मदतीला कुणाला आत जायचं तर दोघं मावत नाहीत. भिंत गेली तर सगळी मिळून साधारण छत्तीस-सदतीस चौरस फूट जागा होईल, त्यात कमोड कोपऱ्यात आणि अंघोळीची जागा दुसऱ्या टोकाला. पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकालाही तेच आवडतं. वाकडला माझ्या फ्लॅटमध्ये तसंच आहे.

सदाशिवपेठी

वाकडला तुमच्याकडे बाथरूम किती?

हिंजवडीतअडकलेला

दोन.

सदाशिवपेठी

धन्यवाद. पुढचा प्रतिसाद.

अर्धाचहा

🍿

ओळंबा

मी स्थापत्य अभियंता आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचीच कामं करतो. नीलांबरीताई, भिंतीचा निर्णय नंतर घेऊ, आधी खालचं सांगतो. ऐंशी हजारांतले पहिले चाळीस हजार टाइल्सच्या खाली आणि भिंतीच्या आत जायला हवेत. लोक उलटं करतात. दुकानात चकचकीत टाइल बघतात, तिथे पैसे संपतात, आणि वॉटरप्रूफिंगला मिस्त्री सिमेंटच्या पाण्यात एक पुडी कालवून फासतो. दोन पावसाळ्यांनी खालच्या काकू पुन्हा बेल वाजवतात.

काम असं झालं पाहिजे. फरशी आणि खालचा जुना कोबा स्लॅबपर्यंत फोडायचा. स्लॅब धुऊन, सुकवून, पाइप जिथून आरपार जातात तिथल्या फटी नॉन-श्रिंक (सुकताना न आक्रसणाऱ्या) ग्राउटने भरायच्या. गळती मधल्या स्लॅबमधून क्वचित होते, दहापैकी आठ वेळा ती या पाइपच्या तोंडाशी आणि नहाणीच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या तोंडाच्या, जाळीभोवती असते. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलवा करायचा, काटकोन ठेवायचा नाही. मग वॉटरप्रूफिंगच्या पॉलिमरचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. भिंतीवर निदान फूटभर वर न्यायचे, अंघोळीच्या बाजूला चार फूट. नंतर नहाणीचं तोंड बंद करून आत दोन इंच पाणी भरून ठेवायचं, निदान चोवीस तास, जमल्यास अठ्ठेचाळीस. या काळात खाली जाऊन काकूंचं छत बघायचं. कोरडं असेल तरच कोबा आणि टाइल. मिस्त्री म्हणेल "काही गरज नाही मॅडम, मी वीस वर्षं करतोय". पाणी भरून ठेवायचंच.

ढाळ: सहा फुटांत जवळजवळ एक इंच नहाणीकडे हवा. दोन बाय दोनची मोठी टाइल जमिनीला घेऊ नका, एवढ्याशा जागेत तिला चारही बाजूंनी ढाळ देता येत नाही, मिस्त्री तिरक्या कापत बसतो आणि तरी मध्ये पाणी साचतं. एक बाय एकची मॅट टाइल घ्या.

आता दोन प्रश्न. संडासाला पायरी आहे का? आणि वर माळा आहे का?

नीलांबरी

@ओळंबा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार, प्रिंट काढून फ्रीजला लावते. हो, संडासाला चांगली फूटभर पायरी आहे, सासूबाईंचा मुख्य त्रास तोच. आणि माळा आहे, संडास आणि बाथरूम दोन्हींवर मिळून एकच. वर दिवाळीचे डबे, जुनी ट्रंक आणि नवऱ्याचा बारावीपासूनचा अभ्यास.

ओळंबा

पायरी का असते ते सांगतो. त्या काळच्या बऱ्याच इमारतींत स्लॅब खाली सोडलेला नाही. भारतीय पद्धतीच्या भांड्याचा ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा खालचा वाकडा पाइप) मावायला जमीनच वर उचललेली आहे. पी-ट्रॅपचा कमोड घेतला तर त्याचं तोंड मागे, जमिनीपासून साधारण सात इंचांवर असतं आणि ते सरळ बाहेरच्या भिंतीतून मैल्याच्या पाइपला जोडता येतं. म्हणजे पायरी पूर्ण फोडता येते. मैल्याचा पाइप संडासामागच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर काम सोपं आहे. दुकानात नुसतं "कमोड द्या" म्हटलंत तर एस-ट्रॅपचा गळ्यात मारतील. त्याचं तोंड खाली जमिनीत असतं, तो तुमच्या कामाचा नाही.

माळ्याचं मात्र नीट बघा. १९८०च्या दशकातल्या कामात माळ्याची तीन इंची स्लॅब पुष्कळदा याच मधल्या भिंतीवर टेकवलेली असते. भिंत आरसीसीच्या चौकटीत भार घेणारी नाही असं मिस्त्री सांगेल आणि ते खरंही असेल, पण माळ्याचा भार तिच्यावर असू शकतो. माळा रिकामा करून खालून ठोकून बघा, स्लॅबचा जोड भिंतीवर आहे का ते कळेल.

मावशीबोले

"नवऱ्याचा बारावीपासूनचा अभ्यास" तोलून धरणारी भिंत आहे ती. राहू द्या.

शमा_७७

आम्ही जुन्या टाइल्स न फोडता त्यावरच नव्या लावल्या. ॲडहेसिव्ह वापरलं. फोडकाम नाही, राडारोडा नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही. पैसे जवळजवळ निम्मे वाचले. सगळे लगेच फोडाफोडीच्या मागे का लागतात कळत नाही.

गवंडीपुत्र

शमाताई, तुमच्याकडे गळती होती का?

शमा_७७

नाही, फक्त जुनाट दिसत होतं.

गवंडीपुत्र

मग तुमचं बरोबरच आहे. गळती नाही, पाइप ठीक आहेत, जुनी टाइल वाजवून बद्द आवाज येत नाही, तर वरून लावायला हरकत नाही. भिंतीला तर नक्कीच. पण इथे खाली ओल आहे आणि आत जीआय सडलंय. वरून टाइल लावणं म्हणजे गळू असताना वर पावडर लावणं. शिवाय जमीन अर्ध्या-पाऊण इंचाने वर येते, मग दार घासतं, उंबरा बुडतो आणि पाणी पॅसेजमध्ये.

वडील गवंडी होते, मी बँकेत आहे, पण सुट्टीत त्यांच्याबरोबर बिगारी म्हणून गेलोय. एक गोष्ट सांगतो जी कुठल्या शोरूममध्ये सांगणार नाहीत. टाइल बसवून झाल्या आणि सुकल्या की मिस्त्रीसमोर प्रत्येक टाइल रुपयाच्या नाण्याने वाजवायची, विशेषतः कोपरे. पोकळ वाजली ती काढायला लावायची. शेवटचा हप्ता त्यानंतर. वडील स्वतः आपल्या माणसांची टाइल अशी वाजवायचे, आणि पोकळ निघाली तर त्या दिवशी जेवताना कुणी बोलायचं नाही.

ढालगज

खर्चाचा अंदाज कुणी देणार का? सगळे तंत्रावरच बोलतायत.

गवंडीपुत्र

देतो. गेल्या वर्षी बहिणीचं केलं, बिबवेवाडीला, संडास आणि बाथरूम वेगळं, मापं जवळपास हीच. फोडकाम आणि राडारोडा उचलणं नऊ हजार. वॉटरप्रूफिंग बारा. पाइप, जोड आणि प्लंबरची मजुरी मिळून अठरा. टाइल्स अकरा. टाइल बसवायची मजुरी, सिमेंट, वाळू सतरा. कमोड सीट आणि टाकीसकट सात. नळ, हेल्थ फॉसेट, अँगल कॉक वगैरे नऊ. पीव्हीसीची दोन दारं पाच. झाले अठ्ठ्याऐंशी. वायरिंग आणि गीझर यात नाही, जुनाच गीझर परत लावला.

टाइल्स अकरा हजारांत कशा बसल्या ते सांगतो. बाथरूमला सात फुटांपर्यंत लावल्या, पण संडासात फक्त चार फूट. वर ऑइल पेंट. बाथरूमच्या भिंती दार वजा जाता सव्वाशे चौरस फूट, जमीन चोवीस, संडास मिळून अठ्ठावन्न. एकूण दोनशे सातच्या आसपास, तुटफूट धरून सव्वादोनशे. संडासात छतापर्यंत टाइल लावायची फॅशन आहे, तिथे कोण पाणी उडवतं वर?

हिंजवडीतअडकलेला

घरी लहान मुलं असती तर हा प्रश्न विचारला नसता.

सदाशिवपेठी

चार फुटांच्या टाइलला माझाही पाठिंबा. आणि नळ साधे घ्या. भिंतीत दडवलेला डायव्हर्टर, रेन शॉवर, हे सगळं बादलीने अंघोळ करणाऱ्या माणसांना विकतात. वॉशर गेला की टाइल फोडायची. दोन बिब कॉक, एक गरम एक थंड, आणि खाली बादली. शंभर वर्षं चाललंय.

विजेरी

गीझरवर लिहायचं राहिलंय म्हणून लिहिते, विजेची कामं घेते मी.

छोट्या बाथरूमला "इन्स्टंट घ्या, जागा वाचते" असा सल्ला सगळे देतात. तीन लिटरच्या इन्स्टंटमध्ये बहुधा तीन किलोवॅटची कॉइल असते. थंडीत टाकीतलं पाणी वीस अंश असेल आणि तुम्हाला चाळीसचं हवं असेल, तर ती कॉइल मिनिटाला दोन लिटरच्या आसपासच देऊ शकते. वीस लिटरची बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. पाच माणसांना डिसेंबरात हे चालेल का ते बघा. पंधरा लिटरचा साधा दोन किलोवॅटचा गीझर वीस-बावीस मिनिटांत साठ अंशांवर नेतो, आणि त्यात तेवढंच थंड मिसळलं की तीस लिटर कढत नाही असं गरम पाणी मिळतं, म्हणजे दीड बादली. सोलर असेल तर गोष्ट वेगळी.

तीन किलोवॅट म्हणजे तेरा अँपिअर. त्यामुळे १६ अँपिअरचाच सॉकेट आणि बोर्डापासून थेट वेगळी लाइन हवी. जुन्या इमारतीत बाथरूमला आलेली वायर दिव्यापुरतीच असते, तिच्यावर गीझर लावलेला मी रोज बघते. आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरची. एमसीबी आहे म्हणून लोक निवांत असतात, पण एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. बाकी कुठेही कात्री लावा, इथे नको. अर्थिंगही तपासून घ्या, १९८४च्या इमारतीत तिसऱ्या भोकात नुसती हवा असण्याची शक्यता आहे.

ढालगज

गॅस गीझर? आमच्याकडे पाइपचा गॅस आलाय, स्वस्त पडतो.

विजेरी

बंद बाथरूमच्या आत गॅस गीझर अजिबात नाही. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आधी गुंगतो आणि मग पडतो. दाराला आतून कडी असते. लावायचाच तर बाहेर मोकळ्या बाल्कनीत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप.

मावशीबोले

याला +१००. आमच्या नात्यात झालंय. अधिक लिहीत नाही.

जुनावाडा

गरम पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. कसबा पेठेत आमच्या वाड्यात सतरा बिऱ्हाडं आणि मागच्या अंगणात एक सामायिक न्हाणी. प्रत्येकाचा बंब आपापल्या दाराशी. आमचा तांबट आळीत केलेला, आईने दर शनिवारी चिंच लावून घासलेला. पहाटे वखारीतून आणलेली बंबफोड पेटवायची, धूर सगळ्या वाड्यात. गरम पाणी काढलं की तेवढंच थंड वरून ओतायचं, हा नियम मोडणाऱ्याला आजोबा नावानिशी ओळखायचे. पाण्याला धुराचा किंचित वास यायचा. तसं पाणी पुन्हा अंगावर घेतलं नाही. आता मुलाकडे औंधला पाच तारांकित बाथरूम आहे, नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम येतं हे अजून लक्षात राहत नाही.

अर्धाचहा

जुनावाडा, वेगळा धागा काढा यावर. वाचायला सगळे येतील.

ढालगज

खरेदी कुठे करावी? शोरूममध्ये गेलं की डोळे फिरतात.

प्राचीनाही

टाइल्ससाठी गंगाधाम चौकाच्या बाजूला मार्केट यार्ड-कोंढवा भागात दुकानांची रांग आहे, तिथे एका दिवसात सगळं बघून होतं. "लॉट संपवायचाय" अशा कोपऱ्यातल्या टाइल्स विचारा. तुम्हाला सव्वादोनशे चौरस फूटच हव्यात, मोठ्या इमारतीला एवढ्याशा उरलेल्या मालाचा उपयोग नसतो, म्हणून भाव पडतो. फक्त सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना हे दुकानातच बघा, आणि चार-सहा टाइल्स जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा. पुढे प्लंबरने एक फोडली की जुळणारी मिळत नाही. (हो, माळा शाबूत असेल तर.)

नळ, जोड, अँगल कॉक, वॉशर, जाळ्या हे सगळं बोहरी आळीत. यादी करून जा, गाडी नेऊ नका. भाव सांगताना जीएसटीसकट विचारा, टाइल्सवर अठरा टक्के आहे आणि तोंडी सांगितलेल्या भावात तो पुष्कळदा नसतो.

सदाशिवपेठी

बोहरी आळीत गाडी नेणाऱ्याला बाथरूम नव्हे, ब्रेक दुरुस्त करावे लागतात.

हिंजवडीतअडकलेला

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पितळी नळ मिळतात, जुने जाडजूड. पॉलिश केले की नवे झक मारतात. मी एक आणलाय.

सदाशिवपेठी

आणि तो गळतो.

हिंजवडीतअडकलेला

थोडा. 😐

खालचामजला

मी या धाग्यातल्या "खालच्या काकूं"सारखा आहे. वरच्यांनी दोनदा बाथरूम केलं, दोन्ही वेळा मला न सांगता. नीलांबरीताई, काम सुरू करायच्या आधी सोसायटीला लेखी कळवा आणि काकूंना प्रत्यक्ष जाऊन सांगा. त्यांच्या छताचे फोटो कामाआधी काढून ठेवा, दोघांच्या भल्याचं आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि सामायिक पाइपांची गळती सोसायटीची, पण संडास-बाथरूमच्या आतली गळती त्या-त्या फ्लॅटधारकाची. त्यामुळे काकूंच्या छताचा रंगही तुमच्याच बजेटमध्ये धरा.

आणि राडारोडा कुठे जाणार ते मिस्त्रीला विचारा. "जातो कुठेतरी" म्हणजे रात्री टेम्पोतून नदीपात्रात किंवा टेकडीच्या कडेला.

गवंडीपुत्र

बरोबर. आणि फोडलेला राडारोडा जमिनीत भरून घेऊ नका. पायरी फोडल्यावर मिस्त्री म्हणतात बाहेर नेण्यापेक्षा इथेच टाकू. वजन वाढतं आणि पाणी मुरलं तर ते त्यातच राहतं.

डॉलेखा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आजींसाठी तीन गोष्टी. कमोडची सीट सतरा-अठरा इंच उंचीची बघा, गुडघे कमी वाकतात. बसल्यावर उजव्या हाताला भिंतीत स्टीलचा दांडा, पण तो टाइलमध्ये प्लगने नाही तर भिंतीत नीट बोल्टने. टॉवेलचा दांडा धरून उठणारे पेशंट माझ्याकडे मनगट मोडून येतात. आणि दार बाहेर उघडणारं करा. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं, बाहेरून ढकलता येत नाही. कडी अशी हवी की बाहेरून नाण्याने उघडेल.

वर हिंजवडीवाल्यांनी जागेचा मुद्दा मांडला तो चुकीचा नाही. तीन बाय चारमध्ये दार आत उघडत असेल तर खरंच अडचण आहे. ते बाहेर केलं की निम्मी अडचण जाते.

हिंजवडीतअडकलेला

कुणीतरी माझ्या बाजूने बोललं, हा स्क्रीनशॉट ठेवतो.

ओळंबा

दाराचा मुद्दा मी लिहायला हवा होता, डॉक्टरांनी लिहिला. अजून एक: तांबडं पाणी. तुमच्या बाथरूममधले पाइप सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) केले तरी गच्चीवरच्या टाकीपासून तुमच्यापर्यंत येणारा सोसायटीचा पाइप जीआयच असेल तर तांबडं पाणी येतच राहील. शेजाऱ्यांकडेही येतं का विचारा. येत असेल तर तो खर्च तुमचा नाही, सोसायटीच्या सभेत मांडा. आणि गरम पाण्याला सीपीव्हीसीच, प्लंबर स्वस्तात साधा यूपीव्हीसी घालू म्हणेल, तो गरम पाण्याचा नाही. टाइल लावण्याआधी पाइपांना हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवा.

शमा_७७

टाइल्समधल्या फटी भरायच्या ग्राउटचं कुणी लिहिलं नाही. जमिनीला इपॉक्सी, भिंतीला साधं सिमेंटचं. सगळीकडे इपॉक्सी केलं तर बरेच पैसे जातात. आणि ॲसिडने टाइल धुऊ नका, साधं ग्राउट खाल्लं जातं आणि मग तिथूनच पाणी मुरतं.

मावशीबोले

आमच्या कामवाल्या बाईंना सांगून दमले. बाटली लपवून ठेवते आता.

नीलांबरी

मंडळी, बरेच दिवसांनी येतेय. काम झालं, म्हणून आधी निकाल सांगते.

माळा रिकामा केला. स्लॅबचा जोड बरोबर मधल्या भिंतीवर निघाला, @ओळंबा यांचं म्हणणं तंतोतंत. माळा पाडून भिंत पाडायचा खर्च ऐकून नवऱ्याने विषय स्वतःच सोडला. भिंत आहे तशी. संडासाची पायरी गेली, पी-ट्रॅपचा कमोड बसला, दार बाहेर उघडतं. बेसिन पॅसेजमध्ये काढलं, त्यामुळे दात घासणारे बाहेर, अंघोळवाले आत आणि सासूबाई निर्वेध. सकाळची भांडणं संपली असं म्हणणार नाही, पण आता ती बेसिनपाशी होतात.

पाणी भरून ठेवलं तेव्हा मिस्त्री नाराज होता. दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले तर नहाणीच्या पाइपभोवती बांगडीएवढी ओल. मिस्त्रीला खाली नेऊन दाखवली. एक शब्द न बोलता वर आला, पाइपभोवतीचं फोडून पुन्हा भरलं, पुन्हा पाणी ठेवलं. दुसऱ्यांदा कोरडं. नाणं वाजवायला मुलाला बसवलं होतं, त्याने आठ टाइल्स पोकळ काढल्या, त्यातल्या तीन मिस्त्रीने कबूल केल्या, पाच वडापाववर मिटल्या.

खर्च ९४ हजार, काकूंच्या छताच्या रंगासकट. आरसीसीबी आणि गीझरची नवी लाइन धरून. टाइल्स "लॉट संपवायच्या"च, फिकट हिरव्या. नवऱ्याला रंग आवडलेला नाही.

गवंडीपुत्र

पाच पोकळ टाइल्स वडापाववर? नाही नाही. जमिनीच्या आहेत की भिंतीच्या?

नीलांबरी

भिंतीच्या, वरच्या रांगेतल्या. जमिनीच्या सगळ्या बदलून घेतल्या.

गवंडीपुत्र

मग चालेल. वडील असते तर चाललं नसतं.

ढालगज

मिस्त्रींचा नंबर विपूत (विचारपूशीत) देता का? आमचं धनकवडीला आहे, गणपतीच्या आत उरकायचंय.

नीलांबरी

विपू बघा. पण ते गणपतीच्या आत "हो" म्हणतील, कुठल्या गणपतीच्या ते विचारून घ्या.